इन्क्लुडचा पाथ आणि बॅकस्लॅशचा घोळ

हिंजवडीत विंडोजवर लिहिलेला सी कोड लिनक्स सर्व्हरवर बिल्डला टाकला, की अनेकदा पहिली अडते ती इन्क्लुडची ओळ, म्हणजे दुसरी फाइल कोडमध्ये आत ओढून घेणारी ओळ. पाथमध्ये, म्हणजे फाइलच्या पत्त्यात, बॅकस्लॅश (\) असतो, नाहीतर हेडरच्या (आत ओढायच्या फाइलच्या) नावातलं एखादं अक्षर कॅपिटल. शिव्या कंपायलरला बसतात. खरं तर असं नाव कसं वाचायचं, याची मोकळीक कंपायलरला भाषेच्या प्रमाणकानेच दिलेली आहे.

सीला प्रीप्रोसेसर (कंपाइल होण्याआधी इन्क्लुडसारख्या ओळी हाताळणारा टप्पा) मिळाला १९७२-७३ च्या सुमारास, बेल लॅब्जमध्ये. सीचे निर्माते डेनिस रिची यांनी त्याचं श्रेय ॲलन स्नायडर यांच्या आग्रहाला दिलं आहे. शिवाय बीसीपीएल आणि पीएल/वन या आधीच्या भाषांमध्ये दुसरी फाइल आत ओढून घेण्याची सोय होतीच. सी जिथे जन्मली त्या युनिक्सवर पाथ म्हणजे स्लॅशने जोडलेली नावं, विषय संपला. सी इतर यंत्रांवर गेली आणि तो पुन्हा उघडला. व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर डिरेक्टरी चौकटी कंसात, तर आयबीएम मेनफ्रेमवर डेटासेटचं (तिथल्या फाइलचं) पूर्ण नाव एकेरी अवतरणचिन्हांत.

म्हणून १९८९ च्या अमेरिकन प्रमाणकाने फाइल कुठे आणि कशी शोधायची, हे कंपायलरवरच सोपवलं. नावात एकेरी अवतरण, बॅकस्लॅश किंवा /* आलं तर काय होईल याची हमी नाही. १९९९ मध्ये या यादीत // ची भर पडली. हमी होती ती अगदी साध्या नावांची, तीही कंजूष: टिंबाआधीची पहिली सहा अक्षरं पाहिली तरी पुरे, कॅपिटल-स्मॉलचा फरक नाही पाळला तरी चालेल. १९९९ मध्ये सहाची आठ झाली.

बॅकस्लॅशची गोष्ट वेगळी. एमएस-डॉस २.० मध्ये १९८३ साली डिरेक्टरी आल्या, पण स्लॅश तोवर कमांडच्या स्विचसाठी (पर्यायांसाठी) अडकलेला होता. मग पाथला बॅकस्लॅश मिळाला. पुण्यातल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये टर्बो सी या जुन्या डॉस कंपायलरवर हात बसलेल्यांना तोच सरळ वाटतो. स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅश पुढच्या अक्षराचा अर्थ बदलतो. लिनक्सवरचा नेहमीचा कंपायलर जीसीसी मात्र इन्क्लुडच्या अवतरणांत त्याला नावातलंच एक साधं अक्षर मानतो. कोनी कंसांच्या (< >) आत /* आलं तरी त्याच्या लेखी कॉमेंट सुरू होत नाही. ओळीच्या अगदी शेवटचा बॅकस्लॅश तेवढा दोन ओळी जोडतो, कारण ते काम आधीच्या टप्प्यात उरकलेलं असतं. विंडोजवरचे कंपायलर साधा स्लॅशही मुकाट स्वीकारतात, तेव्हा बॅकस्लॅशचा हट्ट धरण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

शिफ्ट-जिस या जपानी अक्षरसंकेतात काही अक्षरांचा दुसरा बाइट नेमका बॅकस्लॅशचाच असतो. त्यामुळे बेसावध कंपायलर पाथ मधेच तोडत. आपण यातून वाचलो. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या जिस्ट या भारतीय लिप्यांच्या तंत्रज्ञानाने वापरलेल्या इस्की संकेतात (१९९१ चं भारतीय मानक) देवनागरीचे सगळे बाइट १२७ च्या वरचे आहेत, आणि बॅकस्लॅश त्याखाली येतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपातही तसंच.

तरी युनिकोडने ‘ऱ’ चा गुंता ठेवलाच. तो एका कोडने लिहिता येतो किंवा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) अशा दोन कोडने. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं या दोन कोडच्या रूपात साठवायची. ‘तऱ्हा’ नावाचं हेडर तिथून लिनक्सवर आलं आणि इन्क्लुडच्या ओळीत एका कोडचं रूप असलं, तर पडद्यावर दोन्ही नावं सारखीच दिसतात, पण बाइट जुळत नाहीत आणि फाइल सापडत नाही.