‘ओरडली का नाही?’ हा प्रश्नच चुकीचा आहे

अत्याचाराची तक्रार आली की प्रश्न ठरलेला: प्रतिकार का केला नाही? आणि लगेच निष्कर्ष, संमती असणार. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात, अंगावर जखमा नाहीत हेही कारण धरून सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. देशभर संताप उसळला, १९८३ मध्ये कायदा बदलला. समज मात्र तसाच आहे.

पळणे किंवा लढणे अशक्य वाटले की शरीर थिजू शकते. शुद्ध असते, सगळे कळत असते, पण हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. त्यात निर्णय नसतो. लक्षही आक्रसते. भिंतीवरचा डाग, पंख्याची घरघर लख्ख आठवते. वेळ आणि क्रम निसटतो. जबाबात विसंगती दिसली म्हणून बाई खोटे बोलते, असे ठरवणे हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे.

अशा आघातातून सावरण्यासाठीच्या, शरीराकडे लक्ष देणाऱ्या उपचारांत आधी जमिनीवर टेकलेले पाय, श्वास यांची जाणीव करून देतात. आठवणीजवळ थोडा वेळ जायचे, परत यायचे. या पद्धतींचा पुरावा अजून मर्यादित आहे, म्हणून एका शिबिरात ‘आघात बाहेर काढतो’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा.

आणि २०१३ पासून कायदा स्पष्ट सांगतो: केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती मानता येत नाही. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे.