रिंगर आणि मँगल: एक पिळतो, दुसरा दाबतो

इंदूरला रामबागेत मामांच्या घरी मेटॅग कंपनीचं जुनं धुलाईयंत्र आहे. ॲल्युमिनियमचा चौकोनी टब, त्याच्यावर आडवे दोन रोलर. मामा अमेरिकेहून परतताना त्यांनी ते बोटीने आणलं होतं. मागच्या वर्षी मी ते दुरुस्तीला काढलं तेव्हा रोलरचं रबर दगडासारखं कडक होऊन तडकलं होतं. ब्रिटिश लिखाणात अशा रोलरांना ‘मँगल’ म्हणतात आणि मँगलचे रोलर लाकडी असतात, असं वाचून मी खरादवाल्याकडून सागवानी रोलर करून घेतले. पहिल्याच सदऱ्याची बटणं फुटली. टॉवेल तर जवळजवळ तसाच ओला बाहेर आला.

मामी म्हणाली, “अरे, हे पिळायचं यंत्र आहे, इस्त्रीचं नाही.”

सगळा फरक तिच्या या वाक्यात आला. रिंगर (मामांच्या यंत्रावरचे रोलर) पाणी काढतो, मँगल चुण्या काढतो. ब्रिटनमध्ये दोन्हींना सर्रास मँगल म्हणत, कारण तिथल्या लोखंडी चौकटीच्या हातयंत्रांतून ओले कपडेही काढत आणि अर्धवट वाळलेल्या चादरीही. घोळ तिथूनच सुरू होतो.

मँगल आपल्याला नवा नाही. साडीला खळ देऊन रोल प्रेस करून देणारे जे करतात, ते त्याच जातीचं काम. घरातलं कुणी इंदूरच्या आता बंद पडलेल्या हुकुमचंद किंवा मालवा या कापड गिरण्यांच्या फिनिशिंग खात्यात कामाला होतं असेल, तर त्यांनी कॅलेंडर पाहिलेलं असणार: कापड दाबून गुळगुळीत करणारे भले मोठे रोलर. तिथे दाब आणि टणकपणा हवाच. मँगलची देखभालही सोपी: लाकूड ओलं ठेवायचं नाही, उन्हात तडकू द्यायचं नाही.

रिंगरला मात्र मऊपणा लागतो. रबर कपड्याच्या जाडीप्रमाणे दबतं, म्हणून शिवण, खिसा, बटण यांच्या आजूबाजूचं पाणीही निघतं. (बटण तरी आतल्या बाजूला दुमडूनच घालावं.) पिळलेलं पाणी खालच्या तिरक्या पन्हळीतून परत टबात जातं, आणि या यंत्राची मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. त्याच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येणाऱ्या शहरात ही काटकसर मोलाची वाटते.

तेव्हा रबर गेलं की रबरच घाला. छापखान्याच्या रोलरवर रबर चढवून देणारे कारागीर हे काम करतात. दांडा जुनाच राहतो. नवं रबर घासून मूळ व्यासाला आणतात. शाईच्या रोलरचं नको, गरम साबणपाण्यात टिकणारं मऊ रबर हवं, हे मात्र त्यांना बजावून सांगावं. रबराला तेल, ग्रीस, रॉकेल लागू देऊ नका, ते फुगतं. रोलर साध्या साबणाने धुऊन पुसायचे. आणि काम संपलं की दाबाचा स्क्रू सैल करायचाच. नाहीतर रोलर एकमेकांवर टेकून चपटे होतात, मग पीळ कधीच सारखा बसत नाही.

टबाखालची गिअरपेटी वेगळी, तिचं तेल वेगळं. खाली तेलाचा डाग दिसला तर नुसतं तेल भरत बसू नका, सील तपासा.

विजेचं काम जपून करा. अमेरिकन मोटर ११५ व्होल्ट, ६० सायकलची (हर्ट्झची). आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० सायकल. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, सायकल नाही. त्यामुळे मोटर सुमारे एक षष्ठांशाने हळू फिरते आणि पूर्ण ११५ व्होल्ट दिले तर जास्त तापते. मी ९५ ते १०० व्होल्ट देतो. जुनी दोन तारांची वायर काढून तीन तारांची, अर्थिंगसह घातली आहे. ओल्या हाताने वापरायच्या धातूच्या यंत्राला याशिवाय हात लावू नये.

रोलर चालू असताना बोटं जवळ नेऊ नका. रोलरात हात सापडून होणाऱ्या इजेला डॉक्टरांनी ‘रिंगर आर्म’ असं नावच दिलं होतं, इतक्या मुलांचे हात त्यात अडकले. म्हणून रिंगरला झटक्यात दाब सोडणारी पट्टी असते. दुरुस्तीनंतर कपडा घालण्याआधी मी तीच पट्टी दहा वेळा दाबून पाहिली. ती अडकत असेल तर बाकी यंत्र कितीही चकचकीत झालेलं असो, ते चालवू नका.

सागवानी रोलर मामीने ठेवून घेतलेत. खळ दिलेल्या सुती साड्या दमट असतानाच ती त्यांच्यावर घट्ट गुंडाळून ठेवते.