जेम्सटाउन दोन आहेत, आणि तुम्ही बहुतेक एकच पाहिलंय

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की वॉशिंग्टनच्या आसपासची मराठी घरं व्हर्जिनियाची एक ठरलेली फेरी करतात. विल्यम्सबर्गला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी जेम्सटाउन. मग फोटो येतात. लाकडी जहाजाच्या डेकवर काका, गवती छपराच्या घरासमोर काकू, आणि खाली ओळ : ‘इंग्रजांची अमेरिकेतली पहिली कायमची वसाहत इथेच वसली.’ तिथे नाही वसली. १६०७च्या मे महिन्यात ती जिथे वसली, ती जागा तिथून गाडीने काही मिनिटांवर, जेम्स नदीतल्या बेटावर आहे. बहुतेक फोटोवाले तिथवर गेलेलेच नसतात. गेली काही वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतोय, आता एकदा सविस्तर लिहितो.

फोटोतलं ठिकाण म्हणजे जेम्सटाउन सेटलमेंट. ते बहुतेकांनी पाहिलेलं असतं, म्हणून थोडक्यात. वसाहतीला ३५० वर्षं झाली तेव्हा, १९५७ साली, व्हर्जिनिया राज्याने ते उभारलं आणि आजही राज्याचीच संस्था ते चालवते. सुसान कॉन्स्टंट, गॉडस्पीड आणि डिस्कव्हरी या तीन जहाजांच्या प्रतिकृती, नव्याने बांधलेला किल्ला, इथल्या मूळच्या पॉव्हॅटन लोकांची वस्ती आणि एक मोठं, उत्तम संग्रहालय.

दुसरं हिस्टॉरिक जेम्सटाउन. पाटीवर इंग्रजीत शेवटी एक ‘ई’ जास्तीचा दिसला की समजायचं, हे बेट. इथे दोन मालक शेजारी शेजारी आहेत : केंद्र सरकारची नॅशनल पार्क सर्व्हिस आणि प्रिझर्व्हेशन व्हर्जिनिया ही ना-नफा संस्था. किल्ल्याची जागा या दुसऱ्या संस्थेकडे १८९३पासून आहे. त्यामुळे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास बेटावर फक्त पार्क सर्व्हिसच्या वाट्यापुरता चालतो, उरलेलं तिकीट काढावं लागतं. सेटलमेंटमध्ये तो पास अजिबात चालत नाही. तिकिटांबद्दल एवढं पुरे.

खरी गफलत वेगळीच आहे. ‘एक नकली, एक अस्सल’ असं सांगून लोक मोकळे होतात. ते ऐकून एक मित्र मुद्दाम बेटावर गेला आणि नाराज होऊन परतला. म्हणाला, ‘‘अरे, तिथल्या तटाचे खांबही नवेच आहेत की! मग फरक काय?’’ त्याचं निरीक्षण बरोबर होतं. बेटावरचा लाकडी तट आजच्या काळातलाच आहे, आणि घरांचे काही सांगाडेही नव्याने उभे केलेले आहेत. म्हणून खांब नवा की जुना हे विचारू नका. हा खांब इथेच का रोवला, ते विचारा.

सेटलमेंटमधला खांब कागदपत्रांच्या आधारे रोवलाय. विल्यम स्ट्रेची १६१०मध्ये जेम्सटाउनला आला, त्याने किल्ल्याचं वर्णन लिहून ठेवलंय : त्रिकोणी आकार, नदीकडची बाजू १४० यार्ड, बाकीच्या दोन शंभर-शंभर यार्ड. अशा वर्णनांवरून किल्ला बांधता येतो, आणि नदीकाठी कुठेही बांधता येतो. सेटलमेंट उभारलं गेलं तेव्हा तर मूळ किल्ला नदीने गिळला असंच मानलं जात होतं. बेटाचा काठ झिजत होता, वर दिसत होता तो फक्त सतराव्या शतकातल्या चर्चचा विटांचा मनोरा, आणि किल्ला पाण्यात गेला ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली होती.

विल्यम केल्सो या पुरातत्त्वज्ञाला ती पटत नव्हती. जुन्या वर्णनांत चर्च किल्ल्याच्या आत आहे. मग मनोरा जमिनीवर असेल तर किल्लाही जवळपास असायला हवा. १९९४मध्ये त्याने मनोऱ्याजवळ खणायला घेतलं आणि मातीत डाग सापडले. खांब रोवायला चर खणतात, तो परत मातीने भरतात. पुढे लाकूड कुजतं आणि खांबाच्या जागी गडद मातीचा गोल डाग उरतो, भोवतालच्या मातीहून वेगळ्या रंगाचा. ज्यांनी इनामगावच्या उत्खननाबद्दल वाचलंय त्यांना हे नवीन नाही. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथली तीन हजार वर्षांपूर्वीची गोल घरं अशाच खड्ड्यांवरून ओळखली. जेम्सटाउनला अशा डागांची रांग लागली, मग वळण लागलं, आणि १९९६मध्ये किल्ला सापडल्याचं जाहीर झालं. नदीने नेला होता तो फक्त एक कोपरा.

बेटावरचे आजचे खांब त्या रांगेवर उभे आहेत. लाकूड नवं आहे, पण खांबाची जागा १६०७च्या माणसाने ठरवलीय. मी तिथे उभा राहतो तेव्हा मला लाकडाचं काही वाटत नाही. त्या रेषेवरून माझी नजर हलत नाही.

जागा खरी असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते : तिथली उत्तरं बदलतात. १६०९-१०चा हिवाळा उपासमारीचा होता, सुमारे तीनशेपैकी साठेक माणसं वाचली. लोकांनी मृतांचं मांस खाल्लं असं वसाहतीचा तेव्हाचा प्रमुख जॉर्ज पर्सी याने लिहून ठेवलं होतं, पण काही इतिहासकारांना ती अतिशयोक्ती वाटायची. २०१२मध्ये एका तळघरातल्या कचऱ्यात चौदा वर्षांच्या मुलीची कवटी आणि नडगीचं हाड सापडलं, त्यांवर सुरीचे घाव होते. वाद तिथे संपला. त्या आधी, २०१०मध्ये, १६०८च्या चर्चच्या मोठ्या खांबांचे खड्डे मिळाले. १६१४मध्ये पॉव्हॅटन प्रमुखाची मुलगी पोकाहॉन्टस आणि वसाहतीतला इंग्रज जॉन रॉल्फ यांचं लग्न झालं ते याच चर्चमध्ये.

‘बेटावर बघण्यासारखं काही नाही’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं. हेच लोक रायगडावर जातात. १८१८च्या आगीत तिथले वाडे जळाले, उरली ती जोती. त्या जोत्यांपुढे त्यांचे डोळे भरून येतात. जोतं वाचायची नजर आपल्याकडे आहे, ती जेम्सटाउनच्या वाहनतळावर ठेवून येऊ नका.

आता सेटलमेंटच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ती तीन जहाजं कुठेच उरलेली नाहीत, उकरून मिळणारही नाहीत. शंभरावर माणसं यांत मावून साडेचार महिने समुद्रावर कशी राहिली, हे डिस्कव्हरीच्या पोटात वाकून उतरल्याशिवाय कळत नाही. सुसान कॉन्स्टंटचा कप्तान क्रिस्टोफर न्यूपोर्ट पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत गेला, आणि १६१५मध्ये सर थॉमस रो ज्या जहाजातून सुरतेला आला त्याचा कप्तान न्यूपोर्टच होता. पॉव्हॅटन वस्तीही चुकवू नका. आधीपासून इथे राहणाऱ्यांचं घर बेटावर असं आत शिरून पाहता येत नाही.

जाता जाता आणखी एक दुरुस्ती. १६१९च्या ऑगस्टअखेर पहिले आफ्रिकी लोक गुलाम म्हणून व्हर्जिनियात आणले गेले. ते जेम्सटाउनला उतरले असं सर्रास सांगतात, पण ते जहाज पॉइंट कम्फर्टला लागलं होतं, आजच्या हॅम्प्टनमधल्या फोर्ट मन्रोजवळ. त्यांच्यातल्या काहींना नंतर जेम्सटाउनला आणलं गेलं.

हीच जोडी जवळच्या यॉर्कटाउनलाही आहे. अमेरिकन रिव्होल्यूशन म्युझियम राज्याचं, आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७८१मध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या सैन्याने जिथे शस्त्रं ठेवली ते रणमैदान पार्क सर्व्हिसचं. तोच कॉर्नवॉलिस पुढे भारतात गव्हर्नर जनरल झाला, आणि १७९२मध्ये मराठ्यांचे सेनापती हरिपंत फडके यांच्या फौजेबरोबर टिपूच्या श्रीरंगपट्टणसमोर उभा होता. मराठी माणसाने ते मैदान टाळणं मला पटत नाही.

दिवसभर हातात असेल तर सकाळी सेटलमेंट आणि दुपारी बेट, हाच क्रम. जहाजं आणि घरं आधी पाहिलेली असली की बेटावरची मोकळी जमीन मनात आपोआप भरते. मुलं बरोबर असतील तर क्रम उलटा करूच नका. शक्यतो कामाचा वार निवडा, म्हणजे उत्खनन चालू असलेलं पाहायला मिळण्याची शक्यता जास्त, आणि खणणाऱ्यांना बेधडक प्रश्न विचारा, ते आनंदाने सांगतात. अर्धाच दिवस असेल तर सेटलमेंट सोडा आणि बेटावर जा. जहाजं पुन्हा बांधता येतात. बेटाभोवतीचं पाणी वाढतंय, वादळी पावसात खणलेल्या जागांत ते शिरतं, आणि ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २०२२मध्ये देशातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या अकरा ऐतिहासिक ठिकाणांत जेम्सटाउनचं नाव घातलंय.