गावाने जाब विचारला, तर सेवा सुधारते का?

2 डिसेंबर 1994. राजस्थानच्या पाली जिल्ह्यातलं कोटकिराना गाव. मजदूर किसान शक्ती संघटना या ग्रामीण कष्टकऱ्यांच्या संघटनेने भरवलेल्या पहिल्या जनसुनवाईत, म्हणजे गावासमोरच्या खुल्या सुनावणीत, सरकारी कामांचे हजेरीपट मोठ्याने वाचले जात होते. अमक्याने इतके दिवस काम केलं, अमक्याला इतकी मजुरी मिळाली. नाव पुकारलं की तो माणूस तिथेच उभा राहून सांगायचा, मी त्या कामावर गेलोच नव्हतो. दप्तरातला कागद ज्यांच्या नावाने लिहिला होता, त्यांच्याच कानांवर पहिल्यांदा पडत होता. पुढे माहितीच्या हक्कासाठी राजस्थानातल्याच ब्यावर शहरात 1996 साली झालेलं चाळीस दिवसांचं धरणं आणि 2005चा माहिती अधिकार कायदा या वाटेवर आले. पण अशा सभेनंतर गावातला दवाखाना, शाळा, रस्ता खरोखर किती सुधारतो, हे मोजायची रीत तेव्हा फारशी रुळलेली नव्हती.

प्रश्न मात्र जुना होता. 2 ऑक्टोबर 1952 रोजी भारतात खेड्यांच्या विकासासाठी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याच्यासोबतच मूल्यमापनासाठी वेगळी यंत्रणाही उभी राहिली. 1957 साली बलवंतराय मेहता समितीने स्पष्ट लिहिलं की हा कार्यक्रम लोकांचा पुढाकार जागा करू शकलेला नाही. त्यातून पंचायत राज आलं. ‘लोकसहभाग कमी पडला’ हा निष्कर्ष त्यानंतर कितीतरी अहवालांत पुन्हापुन्हा येत राहिला. सहभाग म्हणजे नक्की काय, हे 1969 साली अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी आठ पायऱ्यांची शिडी मांडून विचारलं. सर्वांत खालच्या पायरीवर सहभागाच्या नावाखाली लोकांना हवं तसं वळवलं जातं, सर्वांत वरच्या पायरीवर कारभार त्यांच्या हातात असतो. आजही कुठलाही सहभागाचा कार्यक्रम पाहिला की मी आधी तो कितव्या पायरीवर आहे, ते बघतो.

मोजणीला वेग आला तो नव्वदच्या दशकात. 1994 साली बंगळुरूमध्ये नागरिकांनीच सरकारी सेवांना गुण देणारं प्रगतीपुस्तक तयार झालं. ते शहरापुरतं होतं, पण कल्पना खेड्यांकडेही गेली. युगांडात 1991 ते 1995 या काळात केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी पाठवलेल्या अनुदानातला सरासरी 13 टक्केच पैसा शाळांपर्यंत पोहोचत होता. सरकारने मग किती रक्कम सोडली ते वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळांच्या भिंतींवर लावायला सुरुवात केली. 2001पर्यंत पोहोचणारा वाटा 80 टक्क्यांच्या वर गेला. यातलं श्रेय किती जाहिरातीचं आणि किती त्याच काळातल्या इतर सुधारणांचं, यावर अभ्यासकांचा वाद झाला. 2004च्या जागतिक विकास अहवालात जागतिक बँकेने याच दिशेने सूत्र मांडलं. मतपेटीतून मंत्र्यापर्यंत आणि मंत्र्यापासून कर्मचाऱ्यापर्यंत जाणारी वाट लांब आहे, म्हणून लोकांनी थेट शिक्षक आणि परिचारिकेलाच विचारावं, ही जवळची वाट.

ती जवळची वाट तपासण्यासाठी प्रयोग सुरू झाले. चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावं निवडायची, निम्म्या ठिकाणी उपक्रम राबवायचा, उरलेल्यांशी तुलना करायची. युगांडातल्या 50 ग्रामीण दवाखान्यांवरचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. तिथे गावकऱ्यांना त्यांच्याच दवाखान्याचे आकडे दाखवले गेले, मग गावकरी आणि कर्मचारी यांनी एकत्र बसून काय बदलायचं ते ठरवलं. वर्षभरात पाच वर्षांखालच्या मुलांचं मृत्युप्रमाण 33 टक्क्यांनी घटलं. जगभर या आकड्याचा दाखला दिला गेला, आणि का नाही? एवढ्या कमी खर्चात इतकी मुलं वाचत असतील, तर तसं सगळीकडे व्हावं असं कुणालाही वाटेल.

पण त्याच सुमारास इतर ठिकाणांहून वेगळी उत्तरं येत होती. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 280 गावांच्या एका प्रयोगात शाळेवर देखरेख ठेवणाऱ्या ग्राम शिक्षण समित्यांना जागं करायचा प्रयत्न झाला. समिती कागदावर होती, पण बहुसंख्य पालकांना ती आहे हेच ठाऊक नव्हतं, आणि काही सदस्यांनाही आपण सदस्य असल्याचा पत्ता नव्हता. गावकऱ्यांनी स्वतः मुलांना वाचायला बसवलं. कुणाला अक्षर येतं, कुणाला शब्द, कुणाला परिच्छेद, ते लिहून गावाचा तक्ता केला. सभा झाल्या, चर्चा झाली, शाळेत मात्र काही हललं नाही. फरक पडला तो गावांच्या तिसऱ्या गटात, जिथे तरुण स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग घेतले. वर्गाला आलेल्या, काहीच न वाचणाऱ्या मुलांना अक्षरं येऊ लागली. लोक झटायला तयार होते, पण सरकारी यंत्रणेशी भांडायला नव्हे.

इंडोनेशियातल्या 608 गावांतल्या रस्त्यांचा अभ्यास मला सर्वांत चोख वाटतो. अभियंत्यांनी बांधलेले रस्ते खणून खडी-वाळूचे नमुने काढले, भाव तपासले आणि कागदावरचा खर्च प्रत्यक्षाशी ताडून पाहिला. सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार असं सांगितलेल्या गावांत गायब होणारा पैसा 8 टक्के-बिंदूंनी कमी झाला. लोकांना हिशोबाच्या सभेला बोलावून मात्र सरासरी फारसा फरक पडला नाही. मजुरीतली चोरी थोडी घटली, कारण ती मजुराला दिसते. रस्त्याखाली किती खडी गेली हे सभेत बसलेल्या माणसाला कसं कळणार?

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात एका संस्थेने परिचारिकांच्या हजेरीसाठी वेळ-तारखेचे शिक्के असलेली नोंदवही ठेवली. सुरुवातीला हजेरी चांगलीच वाढली. मग आरोग्य प्रशासनाने ‘सूट दिलेले दिवस’ वाढवत नेले आणि 16 महिन्यांनी देखरेख असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांच्या हजेरीत तफावत उरली नाही. नोंद ठेवणाऱ्यांचं काहीच चुकलं नव्हतं, वरूनच सवलत मिळाली.

आंध्र प्रदेशात रोजगार हमीच्या सामाजिक अंकेक्षणावरचा, म्हणजे गावात लोकांसमोर होणाऱ्या हिशोब-तपासणीवरचा, अभ्यासही याला धरूनच आहे. 300 ग्रामपंचायतींचे अहवाल तपासले, तेव्हा एकूण गैरप्रकार कमी झालेले आढळले नाहीत. वारंवार अंकेक्षण झाल्यावर सापडायला कठीण अशा साहित्यखरेदीतले गैरप्रकार मात्र वाढलेले दिसले.

युगांडातच पुढे 376 आरोग्य केंद्रांवर मोठा प्रयोग झाला. उपचाराचा दर्जा आणि रुग्णांचं समाधान थोडं वाढलं, पण बालमृत्यूंत फरक आढळला नाही. पहिला अभ्यास खोटा होता असं यातून म्हणता येणार नाही. 50 दवाखान्यांचा तो पहिला अभ्यास करणाऱ्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात, हातात आकडे न देता फक्त बैठका घेतल्या तिथे परिणाम झालाच नव्हता.

2015 साली अमेरिकी अभ्यासक जोनाथन फॉक्स यांनी हे सारे पुरावे एकत्र वाचून एक भेद मांडला. माहिती दिली, एक सभा घेतली आणि थांबले, असे प्रयत्न एकीकडे. दुसरीकडे लोकांचं संघटन, अनेक पातळ्यांवरची देखरेख आणि उत्तर द्यायला भाग पाडणारी सरकारी ताकद एकत्र आणणारे. पहिल्या प्रकाराचे निकाल कच्चे, दुसऱ्याचे आश्वासक. मला हा भेद पटतो, आणि म्हणूनच कोटकिरानाकडे पुन्हा बघावंसं वाटतं. तिथे हजेरीपट वाचल्यावर लोक घरी गेले नाहीत. ब्यावरला जाऊन बसले, आणि दप्तर उघडण्याचा कायदाच मागितला.

आजच्या मूल्यमापनाच्या प्रश्नावल्यांत सभेला किती जण आले, किती बायका बोलल्या, याचे रकाने भरपूर असतात. तक्रार कोणत्या दिवशी कुणाच्या टेबलावर गेली, त्या माणसाला ती सोडवायचा अधिकार होता का, आणि त्याने उत्तर दिलं नाही तेव्हा काय झालं, हे रकाने अजून फार थोड्या कागदांवर दिसतात.