खारा वारा आणि दुचाकीची चावी

मोटरसायकलच्या हँडलमधोमध असलेले चावीचे भोक आकाशाकडे उघडे असते, आणि वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या कोकणात ही रचना फारशी सोयीची नाही. पाऊस थांबल्यावरही प्रश्न संपत नाही, कारण त्यानंतर आठ महिने खारा वारा आणि जांभ्याची लाल धूळ त्याच भोकातून आत जात राहते. दुचाकीच्या चावीबद्दलच्या सूचना साधारणपणे चोरी टाळण्यावर भर देतात. हर्णै, गुहागर, देवगड किंवा वेंगुर्ल्यासारख्या गावांत राहणाऱ्याला मात्र चोराइतकाच मिठाचाही विचार करावा लागतो, आणि तो केला की नेहमीच्या काही सूचना उलट्या फिरवाव्या लागतात.

इग्निशनचे कुलूप म्हणजे एकावर एक बसवलेली दोन स्वतंत्र यंत्रे असतात. वरचे यंत्र यांत्रिक आहे. बहुतेक दुचाक्यांच्या कुलपात एका फिरत्या दंडगोलात पितळेच्या पातळ पट्ट्या ओळीने बसवलेल्या असतात. प्रत्येक पट्टीला मधोमध चौकोनी खिडकी असते आणि मागून एक बारीक स्प्रिंग तिला ढकलून दंडगोलाबाहेरच्या खाचेत अडकवून ठेवते. चावी आत गेली की तिच्यावरचे चढउतार त्या खिडक्यांमधून सरकतात आणि प्रत्येक पट्टीला नेमके हवे तेवढेच मागे ओढतात. सगळ्या पट्ट्या दंडगोलाच्या कडेशी सपाट झाल्या तरच तो फिरतो. एखादी पट्टी जरा जरी बाहेर राहिली तरी तो अडतो. अमेरिकेतील लायनस येल धाकटे यांनी 1861 मध्ये ज्या पिनांच्या कुलपाचे पेटंट घेतले, त्याच तत्त्वाचा हा स्वस्त आणि आटोपशीर भाऊबंद आहे. दंडगोलाच्या खालच्या टोकाला दुसरे यंत्र जोडलेले असते, ते म्हणजे विजेचा स्विच. चावी फिरते तशी आतली तांब्याची किंवा पितळेची चकती फिरते आणि वायरींची टोके एकमेकांना जोडते किंवा तोडते. चावी ‘बिघडली’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाचा बिघाड या दोनपैकी नेमका कुठल्या यंत्रात आहे, हे ओळखले की निम्मे काम होते.

आता मीठ. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार हवेतच आटतात आणि क्षारांचे कण वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर येऊन बसतात. किनाऱ्यापासून आत जाऊ तसे त्यांचे प्रमाण झपाट्याने कमी होते. कोरडे मीठ धातूला फारसे काही करत नाही, त्याला पाणी लागते, आणि ते पाणी मीठ स्वतःच हवेतून ओढून घेते. स्वयंपाकघरातल्या बरणीतले जाडे मीठ आषाढात पाझरते, तीच ही क्रिया. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध सोडियम क्लोराइड विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि ते सुमारे 33 टक्के आर्द्रतेलाच ओलसर होते. एवढी आर्द्रता कोकणात पौष-माघातही असतेच. म्हणून किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या कुलपात पाऊस नसतानाही खाऱ्या पाण्याचा अदृश्य थर जवळजवळ बारा महिने टिकून राहतो.

या थराने जोडलेले दोन भिन्न धातू म्हणजे एक छोटा विद्युतघट होय. कुलपाचे बाहेरचे अंग सहसा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असते आणि पट्ट्या पितळेच्या असतात. जस्त हा अधिक सहज झिजणारा धातू असल्याने तो विरघळतो आणि त्याची पांढरी भुकटी तयार होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, त्यामुळे जिथे पट्टी मोकळेपणाने सरकायला हवी त्याच फटी बुजतात. ‘चावी जाते, पण फिरत नाही’ या तक्रारीमागे किनाऱ्यावर तरी चावीची झीज असण्यापेक्षा ही पांढरी भुकटी असण्याची शक्यता अधिक असते. त्यात धुळीची भर पडते. जांभ्याच्या धुळीत लोहाची ऑक्साइडे असतात. त्यांतले हेमटाइट कठीणपणाच्या मोह्स मापावर पाच ते सहाच्या घरात येते, तर पितळ तीनच्या आसपास. तेलात मिसळलेली अशी धूळ पितळेला सावकाश घासत राहते.

त्यामुळे कुलपात काय घालावे हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. आपल्याकडे हाताशी असते ते खोबरेल तेल, आणि ते बिनदिक्कत घातले जाते. खोबरेल सुमारे 24 अंश सेल्सियसच्या खाली थिजते; कोकणातल्या थंडीच्या पहाटे तापमान त्याच्या बरेच खाली जाते, आणि मग पट्ट्या तेलात अडकून बसतात. दुपारी कुलूप आपोआप ‘बरे’ होते, म्हणून कारण कोणाच्या लक्षात येत नाही. इंजिन ऑइल थिजत नाही, पण धूळ धरून ठेवते. कुलपांसाठी सर्वत्र शिफारस होते ती शिसपेन्सिलीतल्या ग्राफाइटच्या भुकटीची. कोरड्या हवेत ती उत्तम आहे. किनाऱ्यावर मात्र ती टाळावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ग्राफाइट वीज वाहून नेते आणि खाऱ्या ओलाव्यात जस्ताच्या शेजारी आले की वर सांगितलेल्या घटातील झिजवणारी बाजू अधिक जोरकस करते. शिवाय खाली विजेचा स्विच आहे, हेही विसरता येत नाही.

डब्ल्यूडी-40 या प्रसिद्ध फवाऱ्याबद्दलही थोडे समजून घ्यायला हवे. 1953 साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथे तो तयार झाला तो गंज रोखण्यासाठी पाणी हटवणारा द्रव म्हणून, आणि ‘अॅटलस’ क्षेपणास्त्राच्या बाह्य आवरणावर त्याचा वापर झाला. नावातला 40 हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा आहे. त्यामुळे भिजलेल्या कुलपातले पाणी आणि मळ बाहेर काढायला तो चांगला आहे, पण त्याचा बराचसा भाग उडून जातो आणि मागे राहणारा पातळ तेलकट थर धूळ पकडतो. म्हणून त्याने कुलूप धुऊन घ्यावे, चावी आतबाहेर करत आणि दर वेळी फडक्याने पुसत मळ काढावा, कुलूप सावलीत वाळू द्यावे आणि मग टेफ्लॉनयुक्त कोरडे वंगण मारावे. मृगापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा एवढे केले तरी कुलपाचे आयुष्य पुष्कळ वाढते. गाडी धुताना भोकावर चिकटपट्टी लावावी, दाबाच्या फवाऱ्याचे तोंड तिकडे वळवू नये, आणि दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशा फेरीबोटीवर गाडी उभी केल्यावर हँडलवर एखादे फडके टाकावे. स्कूटरच्या कुलपावरची चुंबकी झडप मुळात चोरांसाठी असली तरी मीठ आणि धूळही तीच अडवते. ती बंद करण्याचा कंटाळा करू नये.

विजेच्या बाजूला मीठ वेगळीच करामत करते. तांब्याच्या संपर्कबिंदूंवर हिरवट थर चढतो आणि विजेच्या वाटेत रोध वाढतो. समजा हा रोध अवघा 0.2 ओहम झाला आणि त्यातून पाच अँपिअरचा प्रवाह जात असेल, तर एक व्होल्ट तिथेच खर्ची पडतो आणि पाच वॉट उष्णता त्या इवल्याशा जागेत निर्माण होते. दिवा मंद होतो, हॉर्न घोगरा वाजतो, प्लास्टिक मऊ होते, आणि मेकॅनिक बॅटरी बदलून देतो. गंमत अशी की एकाच गंजाची लक्षणे दोन प्रकारच्या गाड्यांत अगदी परस्परविरोधी दिसतात. इंजिनवरच वीज तयार करून ठिणगी पाडणाऱ्या अनेक जुन्या गाड्यांत चावी बंद करणे म्हणजे ठिणगीच्या परिपथाची एक वायर गाडीच्या सांगाड्याला जोडणे असते. तो संपर्क गंजला तर चावी काढूनही इंजिन चालूच राहते. बॅटरीवर चालणाऱ्या आजच्या गाड्यांत चावी वीजपुरवठा जोडते, त्यामुळे तोच संपर्क गंजला तर खड्ड्यात आपटताच गाडी क्षणभर मरते आणि पुन्हा धावू लागते.

हँडलवरच्या बटणाने, म्हणजे किल स्विचने, इंजिन बंद करून चावी तशीच ठेवण्याची सवय बॅटरीच्या मुळावर येते. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिन चालू असताना कायम पेटलेला असतो, आणि काही मॉडेलमध्ये इंजिन बंद पडले तरी चावी चालू असेपर्यंत तो जळत राहतो. 35 वॉटचा हॅलोजन दिवा 12 व्होल्टवर सुमारे तीन अँपिअर ओढतो. चार अँपिअर-तासांची छोटी बॅटरी हिशेबाने तासाभराहून थोडी अधिक टिकेल, पण सेल मारण्याइतकी ताकद त्याच्या बऱ्याच आधी संपलेली असेल. इंधन इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकू येते. ती थांबल्यावर आणि मगच सेल मारावा, म्हणजे इंधनाचा दाब पुरेसा झालेला असतो.

कुंभार्ली, आंबा किंवा आंबोली घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी चावी बंद करण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही. तिचा हिशेबच चुकीचा आहे. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत गिअर टाकलेला असताना थ्रॉटल पूर्ण सोडला की संगणक स्वतःच इंधन तोडतो, म्हणजे चावी बंद करून आणखी वाचण्यासारखे काही उरत नाही. कार्बुरेटरच्या गाडीत गिअरमध्ये चावी बंद केली तर पिस्टन पेट्रोल-हवेचे मिश्रण ओढतच राहतो, पण ठिणगी नसल्याने ते न जळता सायलेन्सरमध्ये साठते. पायथ्याशी चावी पुन्हा फिरवली की फटाका फुटतो, आणि उत्प्रेरक (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) असलेल्या सायलेन्सरमध्ये त्या जादा उष्णतेने उत्प्रेरकच खराब होतो. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याला तर इंजिनाचा अटकावही मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर पडतो. चावी बंद म्हणजे हॉर्न, ब्रेकचा दिवा आणि ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणाही बंद. धुक्यातल्या वळणावर हॉर्न नसणे किती महागात पडते हे घाटातल्या माणसाला सांगायला नको.

चावीच्या जुडग्याचे वजन हा वरवर क्षुल्लक वाटणारा मुद्दा आहे. घराची, कपाटाची, होडीच्या इंजिनाची अशा सगळ्या चाव्या एकाच कडीत असल्या की खडबडीत रस्त्यावर ते जुडगे झोके घेते आणि प्रत्येक झोका दंडगोलाला किंचित पिळतो. 2014 मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने सुमारे 26 लाख मोटारी परत मागवल्या, कारण त्यांचा इग्निशन स्विच इतका सैल होता की जड जुडग्याने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने तो चालू स्थितीतून सरकत असे, इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसे. कंपनीच्या भरपाई निधीने 124 मृत्यूंची जबाबदारी मान्य केली. नवे स्विच बसेपर्यंत कडीत फक्त गाडीचीच चावी ठेवा, असे कंपनीने मालकांना कळवले होते. दुचाकीच्या कुलपाची रचना वेगळी असली तरी ती सूचना येथेही तितकीच लागू पडते. लोंबणारी धातूची कीचेन टाकीचा किंवा हँडलचा रंग खरवडते, आणि खाऱ्या हवेत त्या ओरखड्यातून गंज सुरू होतो, हे वेगळेच.

हँडल लॉक अडले की चावीवर जोर देणे हा चावी तुटण्याचा राजमार्ग आहे. पिळाचा सगळा ताण चावीच्या सर्वात खोल खाचेत एकवटतो, आणि एकदा वाकवून सरळ केलेली चावी तिथे आधीच थकलेली असते. हँडल अडवणारा कुलपाचा दांडा त्याच्या खाचेसमोर आलेला नसतो, म्हणून कुलूप अडते. हँडल हलकेच मागेपुढे हलवत चावी फिरवली की ते बसते. चावी तुटलीच तर उरलेला तुकडा दुसऱ्या चावीने आत ढकलू नये. तो बाहेर काढणे चावीवाल्यासाठी सोपे असते, आत रुतल्यावर नसते.

डुप्लिकेट चावी नेहमी न वापरलेल्या मूळ चावीवरून करावी. झिजलेल्या चावीवरून केलेली नक्कल झीजही जशीच्या तशी उतरवते आणि यंत्राची स्वतःची चूक तिच्यात मिळवते. नव्या गाडीबरोबर पुष्कळदा चावीचा क्रमांक कोरलेली धातूची छोटी पट्टी मिळते. तो क्रमांक घरच्या कागदपत्रांत लिहून ठेवावा आणि पट्टी कडीतून काढावी, कारण त्या क्रमांकावरून चावी बनवता येते, आणि ती आपल्यालाच बनवता येते असे नाही. दुसरी मूळ चावी घरीच असावी. चोरीचा दावा करताना विमा कंपन्या साधारणपणे दोन्ही मूळ चाव्या मागतात, आणि चावी गाडीलाच राहिली होती असे निघाले तर दाव्यावर वाद होतो.