लुटुपुटीची लढाई आणि तिचे कडक नियम

१९ एप्रिल २०२५ च्या पहाटे मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर हजारो माणसे उभी राहून एक चकमक पाहत होती. ही चकमक मुळात अडीचशे वर्षांपूर्वी, १७७५ साली त्याच तारखेला झाली. कॅप्टन जॉन पार्करच्या हाताखालचे सत्तर-पंच्याहत्तर गावकरी आणि ब्रिटिश पलटणीचे शिपाई समोरासमोर आले, काही मिनिटे गोळीबार झाला, आठ गावकरी पडले आणि अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले. तो प्रसंग लेक्सिंग्टनमध्ये दर वर्षी उभा केला जातो. मात्र अडीचशेव्या वर्षाच्या निमित्ताने ‘असे प्रसंग साकारणाऱ्या हौशी पलटणींत सामील कसे व्हायचे’ हा प्रश्न नव्याने विचारला जाऊ लागला आहे.

विचारणाऱ्याच्या हाती प्रथम पडते ती नियमांची यादी. मनगटी घड्याळ चालणार नाही, अंगरखा लोकरीच्या बनातीचाच हवा, सोळा वर्षांखालील मुलाला बंदूक मिळणार नाही, मैदानात बंदुकीचा दारू ठासायचा गज बाहेर काढायचा नाही, आणि कवायत येत नसेल तर रांगेत उभे राहायचे नाही. हौसेच्या खेळाला एवढा जाच कशासाठी, असे नवख्याला वाटणे साहजिक आहे. यांतला जवळजवळ प्रत्येक नियम गेल्या पाऊणशे वर्षांतील अनुभवातून, काही वेळा फजितीतूनही, आलेला आहे.

खोट्या लढाया अमेरिकेला नव्या नव्हत्या. एकोणिसाव्या शतकात चार जुलैच्या उत्सवात मिरवणुकीबरोबर अशी एखादी लढाई होत असे, पण तो एका दिवसाचा तमाशा असे आणि त्यामागे कायमची संघटना नसे. आजच्या पलटणींचे मूळ शोधायचे तर नेमबाजांकडे जावे लागते. ठासणीच्या बंदुका चालवणाऱ्या हौशी लोकांची राष्ट्रीय संघटना १९३३ साली स्थापन झाली. अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत १८६१ ते १८६५ या काळात झालेल्या यादवी युद्धातील दोन्ही बाजूंच्या पलटणींची नावे घेऊन जुन्या बंदुकांनी नेमबाजीच्या स्पर्धा खेळणारी ‘नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशन’ १९५० साली सुरू झाली. या मंडळींचा जीव बंदुकीवर होता, कपडे त्यांच्या दृष्टीने दुय्यम होते. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवर, जॉर्ज वॉशिंग्टनने १७७६ च्या नाताळच्या रात्री डेलावेअर नदी ओलांडली त्या ठिकाणी, १९५३ पासून दर नाताळला होड्या घालून तो प्रसंग साकारला जाऊ लागला. त्याची सुरुवात एका नाट्यनिर्मात्याने केली, म्हणजे या छंदात नेमबाजीइतकाच रंगभूमीचाही वाटा आहे.

खरे वळण आले ते १९६१ साली. यादवी युद्धाच्या शताब्दीनिमित्त त्या वर्षीच्या जुलैमध्ये व्हर्जिनियातील मनॅससच्या मूळ रणभूमीवर दोन हजारांहून अधिक लोकांनी पहिली मोठी लढाई पुन्हा लढून दाखवली. प्रेक्षकांसाठी मांडव होते, उन्हाचा तडाखा होता आणि खाद्यपेयांची विक्रीही जोरात होती. जिथे शेकडो माणसे खरोखर मेली तिथे तिकीट लावून मरणाचे सोंग करावे काय, असा सवाल वर्तमानपत्रांतून उठला आणि त्याला समाधानकारक उत्तर कोणापाशी नव्हते. पुढे राष्ट्रीय उद्यान सेवेने आपल्या ताब्यातील रणभूमींवर दोन फौजांनी एकमेकांवर गोळ्या झाडण्याचे आणि कोणी पडून मेल्याचा अभिनय करण्याचे प्रयोग बंद केले. आजही सरकारी रणभूमीवर छावणी, कवायत आणि बंदुकीचे प्रात्यक्षिक चालते, लढाई मात्र शेजारच्या खासगी किंवा राज्याच्या जमिनीवर होते. मला हा निर्णय योग्य वाटतो. त्याचा न ठरवलेला एक फायदाही झाला, तो असा की लढाई नाही म्हटल्यावर छावणीत दिवसभर काय दाखवायचे याचा विचार करणे भाग पडले.

पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ‘ब्रिगेड ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही संस्था स्थापन झाली. सेनापतींची मिरवणूक काढण्याऐवजी स्वातंत्र्ययुद्धातील सामान्य शिपायाचे जगणे उभे करणे हे तिने आपले काम मानले, आणि पलटणीचा पोशाख तपासल्याशिवाय तिला मान्यता द्यायची नाही हा शिरस्ता पाडला. सामान्य शिपायाची तसबीर कोणी काढलेली नसते, त्यामुळे पुरावे भलत्याच ठिकाणी शोधावे लागले. सर्वांत उपयोगी ठरल्या त्या पळालेल्या शिपायांना पकडून देण्यासाठी तेव्हाच्या वृत्तपत्रांत छापलेल्या जाहिराती. अमुक उंचीचा, तमुक रंगाच्या केसांचा माणूस, अंगात तपकिरी अंगरखा, त्याची बटणे कशाची, पायांत कसले मोजे, हे सगळे बक्षिसाच्या आशेने बारकाईने लिहिलेले असे. जो शिपाई पलटण सोडून पळाला त्याचाच पोशाख आज सर्वांत खात्रीने शिवता येतो, ही गंमत या छंदातल्या लोकांना ठाऊक आहे.

१९७५-७६ च्या स्वातंत्र्ययुद्धाच्या द्विशताब्दीने पलटणींची संख्या एकदम वाढली आणि दर्जा तितकाच घसरला. कृत्रिम धाग्याचे कापड, यंत्राची शिलाई आणि एकाच ठोकळ्यातून काढल्यासारख्या तीन कोनांच्या टोप्या सर्रास दिसू लागल्या. १९८१ साली यॉर्कटाउनच्या ब्रिटिश शरणागतीचा द्विशताब्दी सोहळा आटोपला, तशी उत्सवी गर्दी ओसरली आणि राहिलेल्यांनी नियम आवळले. अशा नकली पोशाखाला आणि तो घालणाऱ्याला ‘फार्ब’ म्हणतात. तो शब्द यादवी युद्धाच्या गोटांतून आला, पण अठराव्या शतकवाल्यांनीही तो मनापासून स्वीकारला. उलट बाजूला दुसऱ्याच्या अंगरख्यावरचे टाके मोजत फिरणारेही असतात आणि त्यांचा जाच फार्बांपेक्षा कमी नसतो. तरी बनातीचा आग्रह निव्वळ सोवळेपणाचा नाही. ठिणगी पडली तर लोकर करपून विझते, पॉलिएस्टर मात्र वितळून कातडीला चिकटते.

बंदुकीबाबत मात्र सोवळे बाजूला ठेवावे लागते. त्या काळची ब्रिटिश शिपायाची चकमकीची, म्हणजे गारेच्या ठिणगीने उडणारी, बंदूक, जिला ‘ब्राउन बेस’ म्हणतात, सुमारे साडेचार किलोची आणि कसलेल्या हातात मिनिटाला तीन बार काढणारी होती. काडतूस म्हणजे दारू आणि गोळी गुंडाळलेली कागदाची पुडी. तिचे टोक दातांनी फाडायचे, त्यातली चिमूटभर दारू रंजक म्हणून, म्हणजे पेट घेण्यासाठी, चापाजवळच्या वाटीत टाकायची, झाकण पाडायचे, उरलेली दारू नळीत ओतायची, वर गोळी आणि कागद गजाने ठासायचा. आज पुडीत गोळी नसते आणि गज जागचा हलवायचा नसतो, कारण घाईत नळीत विसरलेला गज बाणासारखा सुटतो. खुद्द अठराव्या शतकातही घाबरलेले शिपाई गज उडवून बसत. शिवाय वाटीतला भडका उजवीकडच्या माणसाच्या तोंडावर जातो, म्हणून तिथे पितळेची पट्टी लावतात आणि बंदूक चुकून उडू नये म्हणून चकमक जिच्यावर आपटते त्या पोलादावर चामड्याची टोपी चढवतात. यातली पितळी पट्टी मूळ बंदुकीला नव्हती. टाके मोजणारेसुद्धा तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

या बंदुकीला एक भारतीय बाजू आहे. द्विशताब्दीच्या काळात तिच्या नकला इटली आणि जपानमधून येत, आता स्वस्त नकला बहुतांशी भारतात बनतात. त्यांपैकी पुष्कळशा कान न पाडता, म्हणजे रंजकेची आग दारूपर्यंत नेणारे छिद्र न पाडता, शोभेची वस्तू म्हणून विकल्या जातात आणि ते छिद्र घेणारा पुढे पाडून घेतो. नळीच्या भरवशाबद्दल पलटणींत मतभेद आहेत, काही ठिकाणी अशी बंदूक चालते, काही ठिकाणी साफ नाही. इतिहास पाहता हे वर्तुळ पूर्ण झाल्यासारखे आहे. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या फौजेसाठी ठरवलेला आखूड नळीचा साधा नमुना १७९० च्या दशकात, फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर, ब्रिटिश सैन्यानेच उचलला, आणि तो ‘इंडिया पॅटर्न’ म्हणून ओळखला जातो. अमेरिकी युद्धासाठी अर्थातच तो उशिराचा, म्हणून पलटणीत बाद.

कवायतीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, कारण तिची पुस्तके उपलब्ध आहेत. ब्रिटिश बाजू १७६४ च्या कवायतीनुसार चालते. अमेरिकी बाजू बॅरन फॉन श्टॉयबेन या प्रशियन अधिकाऱ्याच्या पद्धतीने चालते. त्याने १७७८ च्या फेब्रुवारीत व्हॅली फोर्जला, वॉशिंग्टनच्या हिवाळी छावणीत, येऊन उपाशी, उघड्या फौजेला शिस्त लावली आणि १७७९ साली तीच पद्धत छापली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनने निळ्या अंगरख्यांना राज्यवार गोटाचा, म्हणजे गळ्या-बाह्यांच्या काठाचा, रंग ठरवून दिला, न्यू इंग्लंडला पांढरा, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीला पिवळट, पेनसिल्व्हेनियापासून व्हर्जिनियापर्यंत लाल. म्हणून नवखा १७७६ चा प्रसंग साकारणाऱ्या पलटणीत १७७९ च्या नियमाचा निळा अंगरखा घेऊन गेला की त्याला परत पाठवतात.

कोणाला घ्यायचे हा वाद सर्वांत उशिरा मिटला. फौजेबरोबर बायका असत, कपडे धुणे आणि जखमींची शुश्रूषा करीत. मराठीत आपण ज्यांना सरसकट बाजारबुणगे म्हणून हिणवतो त्यांच्याशिवाय ती फौजही चालत नव्हती. त्यामुळे छावणीत स्त्रियांना पहिल्यापासून जागा होती, पण रांगेत नव्हती. १९८९ साली अँटिटमच्या रणभूमीवर शिपायाच्या वेशातील एका स्त्रीला उद्यान सेवेने कार्यक्रमातून वगळले, तिने दावा लावला आणि १९९३ साली न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. प्रसंग यादवी युद्धाचा असला तरी धडा सर्वांनाच मिळाला. अठराव्या शतकवाल्यांकडे तर दाखला तयारच होता, डेबोरा सॅम्पसन नावाची स्त्री रॉबर्ट शर्टलिफ या नावाने चौथ्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत १७८२-८३ मध्ये लढली होती. आता बहुतेक ठिकाणी एवढेच पाहतात की जवळून पाहणाऱ्याला शिपाई पटतो की नाही.

न्यू जर्सीतील मराठी मंडळींना हे सगळे फार लांबचे नाही. ट्रेंटन, प्रिन्स्टन आणि मॉनमथ या तिन्ही रणभूमी एडिसनहून मोटारीने तासाभराच्या आत आहेत. २८ जून १७७८ च्या मॉनमथच्या लढाईत गोळीबरोबर उन्हानेही बळी घेतले, म्हणून आज त्या मैदानावर कोणाला घेरी आली तर पंच खेळ थांबवतात. प्रिन्स्टनच्या आधी वॉशिंग्टनने ज्याला चकवले आणि मॉनमथला जो पिछाडी सांभाळत होता तो लॉर्ड कॉर्नवॉलिस १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. १७९१ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणहून माघार घेताना त्याची फौज उपासमारीला आली होती, तेव्हा मेलकोट्याजवळ त्याला भेटली ती हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज, बाजारासकट.

लाल अंगरख्याच्या, म्हणजे ब्रिटिश बाजूच्या, पलटणींना माणसे नेहमीच कमी पडतात. नवख्याला पहिल्या हंगामात उसना पोशाख देतात, वर्षभर त्याची वागणूक पाहतात आणि मग जुने सदस्य मत देतात. तोवर स्वतःच्या पोशाखावर आणि बंदुकीवर खर्च करू नये असा सल्ला बहुतेक पलटणी आवर्जून देतात, कारण तो खर्च हजार डॉलरच्या पुढे सहज जातो आणि सगळ्यात आधी चुकीची घेतली जाणारी वस्तू म्हणजे बूट.