बारीक मुलींना पीसीओएस होत नाही?

"पीसीओएस फक्त जाड मुलींना होतो, वजन उतरवलं की गाठी विरघळतात" हा मेसेज घराघरांतल्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) म्हणजे बीजकोश (ओव्हरी) आणि संप्रेरकं (हार्मोन्स) यांच्याशी निगडित त्रास. मेसेज पटतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. वजन वाढलं की त्रास वाढतो आणि थोडं उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. पण सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतो, आणि "तू तर काडी आहेस" म्हणून त्यांची तपासणी मात्र लांबते.

आधी त्या गाठींचं पाहू. सोनोग्राफीत दिसतात त्या बीजकोशातल्या अर्धवट वाढलेल्या पुटिका (स्त्रीबीज असलेल्या, पाणी भरलेल्या बारीक पिशव्या), साधारण 2 ते 9 मिलिमीटरच्या. त्या कॅन्सरच्या गाठी नव्हेत, आणि नुसत्या त्यांच्यावरून निदानही होत नाही. पाळी अनियमित, पुरुषी संप्रेरकं जास्त (हनुवटीवर राठ केस, हट्टी मुरुमं), सोनोग्राफीत तशा पुटिका: या तिनांपैकी दोन लागतात. त्याआधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित संप्रेरक) तपासून घेतात. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफीवर विसंबत नाहीत. त्या वयात अशा पुटिका निरोगी मुलींतही दिसतात.

वजन या यादीत कुठेच नाही. ते जोखीम वाढवतं, तसंच आई किंवा बहिणीला पीसीओएस असणंही वाढवतं. जगभरात दर दहा स्त्रियांत साधारण एकीला हा त्रास असतो.

घरी पाहायचं तर दुधाचा हिशेब लिहितो त्याच कॅलेंडरवर पाळीच्या तारखेला गोल करा. अंतर वारंवार 35 दिवसांपुढे जात असेल, तर वजन काहीही असो, ते कॅलेंडर घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.